मैत्रिणीचा नवरा अपघातात गेला, ती पाय मोडून अंथरुणात. आम्ही काय काय करावं?

जास्वंद

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आम्ही शाळेपासूनच्या पाचजणी. दोघी कोल्हापुरात, एक सांगलीत, एक लग्न होऊन न्यू जर्सीला, आणि जिच्यासाठी हे लिहितेय ती जयसिंगपूरला. नोव्हेंबरात एका लग्नाहून रात्री परत येताना त्यांची मोटरसायकल रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. गळीत हंगाम सुरू झाला की आमच्याकडे दरवर्षी अशा बातम्या येतात, आपण वाचतो आणि पान उलटतो. तिचा नवरा जागेवरच गेला. तिचं मांडीचं हाड मोडलं आणि गुडघ्याखालीही फ्रॅक्चर. मांडीत रॉड, खाली प्लेट. (हेल्मेटबद्दल कृपया विचारू नका. भेटायला आलेल्या प्रत्येकाने तिला तेच विचारून झालंय.)

आता ती घरी आहे. सासूबाई पंचाहत्तरीच्या, मुलगा दहावीत. पाय टेकायला डॉक्टरांची सक्त मनाई. दिवसकार्य उरकलं, पाहुणे आपापल्या गावी गेले.

आमचं चौघींचं ठरलंय की 'काही लागलं तर सांग' हे वाक्य कोणी तोंडातून काढायचं नाही. ती कधीच सांगणार नाही आणि आपण मात्र सुटल्यासारखे होणार. त्यापेक्षा एकेकीने एकेक काम धरलंय. सांगलीवाली दवाखाना बघते: तपासण्या, एक्स-रे, फिजिओ. मी घर आणि मुलगा. दुसरी कोल्हापूरची कागदपत्रं. न्यू जर्सीच्या मैत्रिणीने आधी नुसते पैसे पाठवले, मग म्हणाली मलाही ड्युटी लावा. तिला रात्र दिली. आमच्या बाईला दोन-अडीचला जाग येते आणि ती आढ्याकडे बघत पडून राहते. तेव्हा तिकडे दुपारचे चार वाजलेले असतात. ती ऑफिसातून उठून जिन्यात येऊन फोन घेते. कधीकधी दोघी काही बोलतच नाहीत म्हणे, नुसता फोन चालू.

विचारायचंय ते हे की पुढच्या काही महिन्यांत काय काय वाट्याला येणार आहे, आणि आमच्या डोक्यातच आलेलं नाही असं काय आहे? ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. उपदेश नको, कामाचं सांगा.

निंबोणी

वाचूनच पोटात कालवलं. तुम्हा चौघींना दंडवत. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, पण धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

हिशेबनीस

विम्याच्या नोकरीत आयुष्य गेलं, त्यामुळे रुक्ष बोलतो, राग मानू नका. कागदपत्रवाल्या मैत्रिणीला एवढं वाचायला द्या.

नवऱ्याच्या सगळ्या बँकांची पासबुकं काढा आणि मे-जूनच्या नोंदी बघा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर पंतप्रधान जीवनज्योती, २० रुपये दिसले तर सुरक्षा विमा. दोन्हींचे दोन-दोन लाख. बँकेतल्या माणसाने कधीतरी सही घेतलेली असते आणि घरात कोणाला पत्ता नसतो. वारस खातं बंद करून मोकळे होतात, दावा राहून जातो.

मग मोटरसायकलची पॉलिसी. गाडी त्याच्याच नावावर, चालवत तोच होता आणि लायसन्स चालू होतं, असं असेल तर पॉलिसीत मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा घेतलाय का बघा. २०१८च्या अखेरीपासून हा किमान १५ लाखांचा असतो. हा पैसा स्वतःच्याच विमा कंपनीकडून येतो, धडक कोणाच्या चुकीने झाली याच्याशी त्याचा संबंध नाही. लोक समोरच्या गाडीच्या मागे लागतात आणि घरातला हा कागद कपाटातच राहतो.

नोकरीत पीएफ कापला जात असेल तर पीएफच्या रकमेखेरीज ईडीएलआयचा विमा असतो, जास्तीत जास्त ७ लाख. शिवाय बायकोला पेन्शन आणि मुलाला पंचविशीपर्यंत.

आणि मोटार अपघात न्यायाधिकरणातला दावा. २०२२ पासून कायद्यात अपघातानंतर सहा महिन्यांची मुदत आली आहे. त्यावर कोर्टात वाद झालेत, पण आपण त्या वादात कशाला पडा? मुदतीत दाखल करा. दावे दोन होतात: नवऱ्याच्या मृत्यूचा, आणि तिच्या स्वतःच्या दुखापतीचा. दुसरा हमखास विसरला जातो. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, पोस्टमॉर्टेम, डिस्चार्ज कार्ड, औषधांची मूळ बिलं हे तर हवंच, पण फिजिओच्या आणि घरी ठेवलेल्या मदतनीस बाईच्या पावत्यासुद्धा जपा. ट्रॉली अंधारात बिनदिव्याची उभी होती हे पंचनाम्यात आलंय का, ते सगळ्यात आधी वाचा.

त्याचं सिम एवढ्यात बंद करू नका, पॉलिसी आणि हप्त्यांचे मेसेज त्यावरच येतात. मात्र त्याच्या खात्यातून एटीएमने किंवा यूपीआयने पैसे काढू नका, नंतर तेच निस्तरत बसावं लागतं. मृत्यूच्या दाखल्याच्या भरपूर प्रती घेऊन ठेवा.

जास्वंद

हिशेबनीस काका, (काकाच असाल असं धरून चालते) हे प्रिंट काढून फायलीत लावलंय. पासबुक काढलं. २० सापडले, ४३६ नाहीत. गाडीची पॉलिसी फ्रीजवरच्या डब्यात होती, १५ लाखांची ओळ आहे त्यात!

चांदणवेल

मी त्या बाजूला होते. गाडीत मागे बसलेले, कंबरेचं हाड मोडलं, आणि हे गेले. म्हणून आधी एक विचारते. तिला कोणी सांगितलं, आणि कसं?

मला सांगितलं होतं, 'ते वरच्या मजल्यावर आहेत, तिथे सोडत नाहीत.' पण खोलीत येणारा प्रत्येकजण माझ्याकडे न बघता सलाईनच्या बाटलीकडे बघून बोलायचा. मला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. सगळे इतक्या जिवापाड खोटं बोलत होते की मलाच विचारायचा संकोच वाटायला लागला. मग मीही 'त्यांना आज बरं आहे ना' असं विचारायचे. ते दिवस मला ऑपरेशनपेक्षा जास्त आठवतात.

अंत्यविधी माझ्याशिवाय झाला. त्यांच्या एका मित्राने कोणाला न विचारता तिथले फोटो काढून ठेवले होते आणि बऱ्याच काळाने, मी मागितल्यावर, मला दिले. पुष्कळांना हे विचित्र वाटेल. पण ते बघेपर्यंत मला पटलंच नव्हतं. गेटचा आवाज आला की मी दुखणं विसरून कान टवकारायचे. तुमच्या मैत्रिणीसाठी कोणी असं काही ठेवलं असेल तर पुसून टाकू नका. आणि स्वतःहून दाखवूही नका. ती मागेल, किंवा नाही मागणार.

डब्यांबद्दल. मला डबे भरपूर आले. पण डब्यासोबत प्रत्येकीला पंधरा मिनिटं बसून माझ्याशी बोलायचं असायचं, आणि दिवसाला अशा चौघी आल्या की मी पार गळून जायचे. शेजारच्या काकू तेवढ्या पिशवी कडीला अडकवायच्या, कालचा रिकामा डबा उचलायच्या आणि बेल न वाजवता जायच्या. त्यांचं ऋण फिटणार नाही.

जास्वंद

चांदणवेल, वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

आयसीयूतून बाहेर काढल्यावर तिच्या भावाने सांगितलं. मी कॉटशेजारी होते, सिस्टर दारात. आदल्या रात्री नातेवाइकांत बरीच वादावादी झाली होती, 'टाके सुकू द्या, घरी गेल्यावर सांगू' वगैरे. डॉक्टर म्हणाले, तिने विचारलं की खरं सांगा. तिने सकाळी विचारलं. भाऊ म्हणाला, 'दाजी गेले गं.' एवढंच, काही आडवळण नाही. ती म्हणाली, 'माहितेय मला.' आणि मग, 'तो जेवला का?' म्हणजे मुलगा.

दुसरी गोष्ट लिहू की नको असं होतंय, पण लिहिते. बांगड्या कॅज्युअल्टीतच कापून काढल्या होत्या आणि मंगळसूत्र सिस्टरने प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझी सही घेऊन माझ्याकडे दिलं. चुलत सासूबाईंनी तेराव्याला ते मागितलं. मी दिलं नाही, म्हटलं ज्याची वस्तू त्याच्या हातात. घरी आल्यावर तिला दिलं, तिने सरळ गळ्यात घातलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. चुलत सासूबाई बोलल्या, आणि अजून बोलताहेत.

तांबडापांढरा

ताई, जयसिंगपूर शिरोळ तालुक्यात येतं आणि हेरवाडही त्याच तालुक्यात. मे २०२२ मध्ये हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला की गावात कुणाचा नवरा गेला तर बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही. नंतर सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांना सांगितलं की ह्यांचा कित्ता गिरवा. चुलत सासूबाईंना म्हणावं, सगळ्या राज्यात तालुक्याचं नाव झालंय, घालवू नका.

बाकी पायाचं सूप सुरू करा. हाड झटक्यात धरतं. आणि आमच्याकडं एक हाडवैद्य आहेत, तेल लावून चोळून देतात, माझ्या आजोबांचा खांदा त्यांनीच बसवला होता. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?

पाऊलखुणा

व्यनि नको! मी फिजिओथेरपिस्ट आहे. रॉड-प्लेट बसवलेला पाय कोणालाही चोळू देऊ नका, कितीही नावाजलेले असोत. त्यात पोटरीत रक्ताची गाठ असेल तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. एका पायाची पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली, गरम लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखलं तर वाट न बघता १०८.

सूप प्यायला हरकत नाही, पण त्यात जादू काही नाही. अंडी, डाळ, दही, उसळ, जे घशाखाली उतरेल ते. दुःखात माणूस जेवत नाही आणि उपाशी शरीर हाड नीट भरून काढत नाही, त्यामुळे तुमच्या चौघींचं निम्मं काम ताटापाशी आहे. तेरावं होईपर्यंतच्या अळणी जेवणावर तिला ठेवली असेल तर आता पुरे.

बाकी तिच्या सर्जनने सांगितलेलंच धरून चाला, मी फक्त घरात काय बघायचं ते सांगते. वॉकरची उंची: उभं राहून हात सैल सोडले की मूठ मनगटाच्या रेषेत यायला हवी. बहुतेक घरांत वॉकर दुकानातून आला तसाच वापरतात आणि मग पाठ धरते. मागे पट्टा असलेली चप्पल. बाथरूमच्या वाटेतली पायपुसणी उचलून टाका, सगळी. दिवसातून अनेकदा पावलं वर-खाली हलवायची, झोपल्या झोपल्यासुद्धा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायचा व्यायाम त्यांनी दिला असेलच. तो दिसायला फालतू वाटतो म्हणून लोक करत नाहीत, आणि मग पाय टेकायची परवानगी मिळते तेव्हा मांडीत दमच नसतो.

एक गोष्ट आमच्या पुस्तकात नसते. गुडघा वाकवायला लागलो की पेशंट रडतात, दुखतं म्हणून. पण ज्यांचं कोणी गेलंय त्यांचं रडणं दुखणं थांबल्यावरही थांबत नाही. घरात सासूसमोर, मुलासमोर त्यांना रडता येत नसतं, इथे दुखण्याचं निमित्त मिळतं. माझ्याकडे अशा एक बाई यायच्या, व्यायाम दहा मिनिटांचा आणि रडणं अर्ध्या तासाचं. मी त्यांच्यानंतरची वेळ मोकळी ठेवायला लागले. तेव्हा फिजिओ घरी येत असेल तर त्या वेळी मुलाला क्लासला पाठवा, सासूबाईंना देवळात न्या. आणि सोबत बसलेल्या मैत्रिणीने 'अगं रडू नको' म्हणायचं नाही.

निंबोणी

पाऊलखुणा, शेवटच्या परिच्छेदाला शंभर वेळा अनुमोदन.

सरळरेष

थोडं वेगळं मत. ड्युट्या, फाइल, कोणी यायचं, कधी यायचं... बाईचा नवरा गेलाय, तुम्ही प्रोजेक्ट चालवताय. तिला विचारलंय का कोणी? चार हुशार मैत्रिणी मिळून एखादीचं आयुष्य चालवायला लागल्या की तिला बोलायची सोय राहत नाही, कारण उपकाराखाली दबलेली असते. माझ्या आईचं असंच झालं होतं, तेव्हा मदत करणाऱ्यांपासून तिला सुटका हवी होती.

चांदणवेल

सरळरेष, बोचरं आहे पण खोटं नाही. मी मावशीला एकदा ताट भिरकावून मारलं होतं. वरण-भाताचं.

जास्वंद

सरळरेष, तुमचं पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. मग तिला दाखवलं. तिने हसून (अपघातानंतर पहिल्यांदाच) म्हटलं, 'कोण आहे हा शहाणा? बरोबर बोलतोय.'

आम्ही ज्या वहीत कोण कधी येणार ते लिहायचो ती आता तिच्याच उशाशी असते. वही हातात आल्याबरोबर तिने मंगळवार आणि शुक्रवार कोरे करून टाकले, त्या दिवशी कोणी यायचं नाही. माझ्या नावापुढे 'पोळ्या नकोत, जाड होतात' असं लिहून ठेवलंय. एका लांबच्या मावशीच्या नावावर काट मारली आणि ते मावशीला कळवायचं काम माझ्यावर टाकलं! ते मी कसं निभावलं तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

प्रोजेक्ट म्हणा हवं तर. पण आमच्यातल्या कोणालाच आजवर हे जमलेलं नाही की एखादीजवळ नुसतं बसून तिचं दुःख हलकं होईल. पोस्टाच्या रांगेत उभं राहणं जमतं. मग तेच करतो.

डोंगरवेडा

पुरुषमाणसाने लिहायचा धागा आहे की नाही माहीत नाही, तरी लिहितो. तुम्ही मैत्रिणी तिच्यासाठी आहात. त्याचे मित्र कुठे आहेत?

आमच्या ट्रेकच्या ग्रुपमधला एकजण असाच रस्त्यावर गेला. आम्ही सात-आठजण तेराव्यापर्यंत तिथे पडीक होतो, खुर्च्या लावल्या, पाणी भरलं. मग सगळे गायब. वाईट होतो म्हणून नाही. वहिनींसमोर जायची हिंमत नव्हती, गेलो तर बोलायचं काय? आणि आम्हाला स्वतःलाही काय होत होतं ते एकमेकांना सांगायची पद्धत नाही. एकाने दारू वाढवली, एकाने ट्रेकच सोडले. शेवटी वहिनींनीच फोन केला की त्याची बॅग, दोर, स्लीपिंग बॅग घरात आहे, येऊन काय ते बघा. सगळे गेलो. माळ्यावरचं सामान काढता काढता पहिल्यांदा त्याच्याबद्दल बोललो, ते पण शिव्या घालूनच. तिथून येणं-जाणं सुरू झालं.

तेव्हा त्याच्या मित्रांनाही कामं द्या. गाडीचा सांगाडा पोलीस स्टेशनातून सोडवणं, वकिलाकडे चकरा, गॅसचं कार्ड, जे काय असेल ते. 'सांत्वनाला या' म्हटलं तर येणार नाहीत, 'पंप बिघडलाय' म्हटलं तर दहा मिनिटांत हजर.

मुलगा दहावीत आहे म्हणता. त्याला 'आता तूच घरातला कर्ता' असं कोणी म्हटलं असेलच. तसं म्हणणाऱ्याला दाराबाहेर काढा.

जास्वंद

डोंगरवेडा, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. त्याचा एक मित्र रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून उभा असायचा आणि घरात न येता निघून जायचा, सासूबाईंनी दोनदा पाहिलं होतं. त्याला फोन करून सांगितलं की मुलाला शनिवारी बॅडमिंटनला न्यायला कोणी नाही. आता नेतो. मुलाला विचारलं काका काय बोलतात, तर म्हणाला, 'काही नाही, सर्व्हिस सुधारायला सांगतात.'

आणि हो, 'कर्ता' तिघांनी म्हटलं होतं.

निंबोणी

जास्वंद, एक विचारू का? संक्रांत आली. आमच्याकडेही अशीच एक ओळखीची आहे (आजारपणाने नवरा गेला). हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही यावरून घरात दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात, उगाच तिच्या जखमेवर मीठ कशाला.

चांदणवेल

बोलवा. मला 'तुला वाईट वाटेल' म्हणून कोणी बोलावलं नव्हतं. गल्लीत सगळ्यांच्या हातात वाण, आणि माझ्या दारावरून बायका आवाज बारीक करून जात होत्या. बोलावलं असतं तर बहुधा गेले नसते. पण न जाणं माझं असतं.

आणि बोलावलंत तर सगळ्यांसारखं वागवा, तिच्यासाठी वेगळं ताट आणि वेगळी खुर्ची नको. नाहीतर नकाच बोलावू.

हिशेबनीस

आमच्या सोसायटीत यंदा हळदीकुंकू न म्हणता तिळगूळ समारंभ ठेवलाय आणि सरसकट सगळ्या बायकांना बोलावलंय. दोन घरं रुसलीत, बाकी ठीक चाललंय.

जास्वंद

आमच्या इथे तो प्रश्न आलाच नाही, तिला घराबाहेर काढणं शक्य नव्हतं. आम्ही तिच्याच खोलीत बसून तिळाच्या वड्या थापल्या. सासूबाई पाक बघत होत्या. पाक पुढे गेला, वड्या दगड झाल्या, बत्त्याने फोडाव्या लागल्या.

आता एक अवघड. मागच्या आठवड्यात ती मला म्हणाली, 'मी पण तिथेच संपले असते तर बरं झालं असतं.' मी विषय बदलला. रात्रभर झोप नाही. हे सगळेच म्हणतात का, की काळजी करावी?

चांदणवेल

मीही म्हटलंय, अनेकदा. बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'हे सहन होत नाही' एवढाच असतो. पण तो अर्थ आपण परस्पर लावायचा नाही, सरळ विचारायचं: 'जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतंय का?' विचारल्याने डोक्यात भलतं काही येत नाही. मला माझ्या वहिनीने असं थेट विचारलं तेव्हा इतकं बरं वाटलं, की चला, हिच्यापाशी बोलता येतं.

उत्तर 'हो' आलं, किंवा ती उत्तरच टाळायला लागली, तर तिला एकटी ठेवू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ. वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्या तिच्या उशाशी नकोत, दिवसाच्या तेवढ्याच द्या. आणि १४४१६ हा टेलिमानसचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. सरकारी आहे, चोवीस तास चालू, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. न्यू जर्सीचा फोन लागला नाही तर तो आहे. तुम्ही चौघींनीही लावायला हरकत नाही.

जास्वंद

विचारलं. थेट. ती म्हणाली, 'नाही गं, त्याच्या दहावीचा निकाल बघायचाय.' आणि मग बऱ्याच वेळाने, 'पण डॉक्टरांची वेळ घे.' घेतली. औषध सुरू झालंय, झोप लागतेय. न्यू जर्सीची ड्युटी तरी सुटलेली नाही. आता तीच सांगते की मलाच चार वाजता चुकल्यासारखं होतं.

तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल. सांगलीवालीने दवाखान्याचं काम सोडलं. तिचे वडील गेल्या वर्षी त्याच इमारतीत गेले होते, तिने आम्हाला बोलून दाखवलं नव्हतं. एक दिवस पार्किंगमध्ये गाडीतून उतरताच येईना तिला. आता ती फक्त मुलाचं गणित घेते, व्हिडिओ कॉलवर. दवाखाना माझ्याकडे आला आणि माझ्याकडचं घर सासूबाईंनी परत आपल्या ताब्यात घेतलं, त्यामुळे पोळ्यांचा प्रश्नही सुटला.

सरळरेष

शहाण्याचा नमस्कार सांगा. पाय टेकला का?

जास्वंद

टेकला! एक्स-रेत हाड धरताना दिसतंय, डॉक्टरांनी वॉकरवर थोडं थोडं वजन टाकायला सांगितलंय. पहिल्या दिवशी दारापर्यंत गेली आणि घामाघूम होऊन परत आली, सगळ्यांवर खेकसली. पाऊलखुणा, जिन्याचं विचारायचं राहिलं. तीन पायऱ्या आहेत अंगणात उतरायला.

पाऊलखुणा

चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. आमच्याकडे पेशंटना 'चांगला स्वर्गात, वाईट पाताळात' असं शिकवतात, पण तुमच्याकडे ते वापरू नका. कठडा नसेल तर आधी कठडा बसवा, तोवर अंगण नाही. पुढे काठी आली की ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची. सगळे दुखऱ्या बाजूला धरतात.

तांबडापांढरा

कठड्याचं पाईपकाम आपण करून देतो ताई. जयसिंगपूरला कामावर असतोच. हाडवैद्याचा विषय मागे घेतला.

जास्वंद

तांबडापांढरा, व्यनि केलाय. मजुरी घ्यावी लागेल, ती फुकट काही घेत नाही हल्ली, वहीत लिहिलंय तसं.

दावा दाखल झाला, दोन्ही. ट्रॉलीच्या दिव्यांचं पंचनाम्यात होतं. मालक-चालक विम्याची फाइल कंपनीकडे आहे, त्यांनी लायसन्सची मूळ प्रत मागितलीय आणि ती पोलिसांकडे जमा आहे. तेवढ्यासाठी त्याचा बॅडमिंटनवाला मित्र चकरा मारतोय.

कमोडची खुर्ची आता मोकळी झालीय, चांगल्या स्थितीत आहे. सांगली-जयसिंगपूर-कोल्हापूर पट्ट्यात कोणाला हवी असेल तर सांगा. पैसे नकोत, पण वापर झाला की पुढे कोणाला तरी द्यायची. वॉकर अजून लागतोय.

निंबोणी

मला हवी आहे, आतेसासूबाईंसाठी, मिरजेत. त्यांचं खुब्याचं ऑपरेशन ठरलंय. रविवारी आले तर चालेल?

जास्वंद

रविवारी चार वाजल्यानंतर ये. खुब्याचं ऑपरेशन असेल तर आधी बैठकीची उंची डॉक्टरांना विचारून घे. हिची खुर्ची बसकी आहे आणि पाय वर-खाली होत नाहीत.